उंदराच्या पिल्लाचे डोळे

कर्करोगाच्या इस्पितळात रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले नातेवाईक गाठ किती सेंटिमीटरची आहे हे सहसा विचारत नाहीत. ते विचारतात, ‘पसरलेला तर नाही ना?’ गाठ वाढणं वेगळं आणि आजार पसरणं वेगळं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात तर सगळा निकाल बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरतो. गाठ छातीत एका जागी असली तर ती कापून काढता येते. तिच्यातल्या पेशी मेंदूत, हाडांत, यकृतात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत जाऊन बसल्या की सर्जनच्या हातात फारसं काही उरत नाही.

पेशी आपली जागा सोडून चालायला लागते ती कुणाच्या सांगण्यावरून? याचं उत्तर शोधणाऱ्यांना ‘वाढ’ या शब्दानं फार काळ बांधून ठेवलं, असं मला वाटतं. ज्या रेणूंच्या सांगण्यावरून पेशी चालते, त्यांचं नावच ‘ग्रोथ फॅक्टर’, म्हणजे वृद्धिघटक, असं पडलं होतं.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात फॉरेस्ट पार्क नावाचं अफाट मोठं उद्यान आहे. त्याच्या पूर्वेला वॉशिंग्टन विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आणि बार्न्स हॉस्पिटल, तर पश्चिमेला त्याच विद्यापीठाचा मुख्य परिसर. १९५० च्या दशकात या उद्यानाच्या दोन टोकांना दोन वेगळी कामं चालू होती. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

पूर्वेच्या टोकाला होते सर्जन एव्हार्ट्स ग्रॅहम. १९१२ साली आयझॅक ॲडलर या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या गाठींवर पुस्तक लिहिलं, तेव्हा इतक्या दुर्मीळ रोगावर पुस्तक लिहावं का, असा प्रश्न त्यांनी आरंभीच उपस्थित केला होता. वीसेक वर्षांत तो रोग दुर्मीळ राहिला नाही. ५ एप्रिल १९३३ रोजी ग्रॅहम यांनी पिट्सबर्गच्या एका ४८ वर्षांच्या प्रसूतितज्ज्ञाचं डावं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत पूर्ण काढलं. कर्करोगासाठी अख्खं फुप्फुस काढून रुग्ण जगल्याची ती पहिली घटना. तो रुग्ण पुढे ३० वर्षं जगला.

ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढत. तंबाखूचा या रोगाशी संबंध आहे हे त्यांना आधी पटत नव्हतं. सिगारेटचा खप वाढला तसा स्त्रियांच्या मोज्यांचाही वाढला, मग त्यांनाही दोष द्यायचा का, असा त्यांचा सूर असे. अर्न्स्ट विंडर हा वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला आणि दोघांनी रुग्णांच्या सवयींची पद्धतशीर नोंद सुरू केली. १९५० साली निष्कर्ष छापून आला तेव्हा शंकेला जागा उरली नव्हती. १९५३ साली त्यांनी उंदरांच्या पाठीवर सिगारेटचं डांबर लावून पाहिलं आणि ४४% उंदरांना कर्करोग झाला. ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ च्या सुरुवातीला त्यांच्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग सापडला. फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया ज्यांनी जगाला दिली, त्यांच्यावर ती करता येण्यासारखी नव्हती. ४ मार्च १९५७ रोजी ते गेले. पिट्सबर्गचा तो रुग्ण त्यांच्यामागे आणखी सहा वर्षं जगला.

उद्यानाच्या पश्चिमेच्या टोकाला, प्राणिशास्त्र विभागात, रीता लेवी-मोंतालचिनी काम करत होत्या. त्या इटलीतल्या तुरिनच्या. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू माणसांना विद्यापीठांची दारं बंद झाली, तेव्हा त्यांनी घरच्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून सूक्ष्म पाती केल्या आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम सुरू केलं. शहरावर बाँब पडू लागल्यावर त्या खेड्यात गेल्या आणि तिथेही त्यांनी अंडी गोळा करून काम चालूच ठेवलं. युद्धानंतर १९४७ साली तिथले प्राणिशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्या निमंत्रणावरून त्या काही महिन्यांसाठी म्हणून सेंट लुइसला आल्या आणि तीस वर्षं राहिल्या.

उंदराच्या एका जातीच्या गाठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसवला की मज्जातंतू वेड्यासारखे त्याच्या दिशेनं धावतात, हे त्यांना दिसलं. गाठीतून काहीतरी पाझरत असलं पाहिजे. ते पडताळण्यासाठी १९५२ साली, अशा गाठी असलेले दोन उंदीर सोबत घेऊन, त्या विमानानं रिओ दि जानेरोला गेल्या. तिथे हेर्था मायर यांच्याकडे काचेत ऊती वाढवण्याची सोय होती. मज्जागंडाजवळ, पण त्याला न चिकटवता, गाठीचा तुकडा ठेवला. एका दिवसात गंडातून तंतू बाहेर पडले आणि सूर्याच्या किरणांसारखं प्रभावळीचं वलय तयार झालं. आज ते चित्र पाहताना मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. तिथे जे दिसलं ते वाढीइतकंच चालणंही होतं. तंतूचं टोक हाताच्या पंज्यासारखं पुढे चाचपडत सरकत होतं. पण नाव ठरलं ते ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’.

१९५३ साली, म्हणजे उद्यानापलीकडे उंदरांच्या पाठीवरच्या डांबराचा निष्कर्ष छापला गेला त्याच वर्षी, स्टॅन्ली कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ रीतांना येऊन मिळाले. ब्रुकलिनमधल्या एका शिंप्याचा हा मुलगा. पाझरणारा पदार्थ वेगळा काढायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यात न्यूक्लिइक आम्लं आहेत का हे बघायला, आर्थर कॉर्नबर्ग यांच्या सल्ल्यानं, त्यांनी सापाचं विष मिसळलं. त्या विषातलं विकर न्यूक्लिइक आम्लं तोडतं. तोडणं राहिलं बाजूला, विषानं तंतूंचं वलय आणखी दाट झालं. म्हणजे विषातच तो पदार्थ भरपूर होता. सापाची विषग्रंथी ही मूळची लाळग्रंथी. मग कोहेन नर उंदराच्या लाळग्रंथींकडे वळले आणि तिथे त्यांना खजिनाच लागला.

त्या लाळग्रंथींचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. उंदराचं पिल्लू डोळे मिटून जन्मतं आणि ते साधारण तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतं. टोचलेल्या पिल्लांनी सातव्या दिवशीच डोळे उघडले. दातही लवकर आले. मज्जातंतूंच्या घटकाचा याच्याशी संबंध लागेना. दुसऱ्या कुणी ही बाब किरकोळ म्हणून वहीच्या कोपऱ्यात ढकलली असती. कोहेन यांनी तिच्यासाठी आयुष्य दिलं. १९५९ साली ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि १९६२ साली डोळे उघडवणारं ते प्रथिन त्यांनी शुद्ध रूपात वेगळं केल्याचं जाहीर केलं. तो ५३ अमिनो आम्लांचा छोटासा रेणू निघाला. त्वचेच्या वरच्या थरावर तो काम करतो म्हणून त्याला ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’, थोडक्यात ईजीएफ, म्हणू लागले.

पेशीच्या पटलावर या रेणूला धरणारा ग्राही असतो, हे १९७० च्या दशकात कळलं. ईजीएफ बाहेरून चिकटला की दोन ग्राही जवळ येतात आणि त्यांच्या आतल्या शेपट्यांवर टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट जोडलं जातं. तिथून निरोप पेशीत आतवर जातो. १९८४ साली लंडनमधल्या मायकेल वॉटरफिल्ड यांच्या गटाला या ग्राहीची रचना कोंबड्यांना कर्करोग देणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी जुळलेली आढळली. विषाणूकडे ग्राहीचा डोकं तुटलेला तुकडा होता. बाहेरून ईजीएफ आला नाही तरी तो आत निरोप देतच राही. दारावरची घंटा अडकून वाजत राहावी, तसं. १९८६ साली रीता आणि कोहेन यांना नोबेल मिळालं.

तोपर्यंत बहुतेक सगळे वाढच मोजत होते. पेशी किती झाल्या, डीएनए किती तयार झाला, याचीच गणती. चालण्याकडे लक्ष ठेवणारे थोडे होते. लंडनमध्ये मायकेल ॲबरक्रॉम्बी आणि जोन हेजमन यांनी १९५० च्या दशकातच संवर्धनातल्या पेशींचं चित्रण करून त्या कशा सरपटतात ते दाखवलं होतं. निरोगी पेशी दुसरीला धडकली की थबकते आणि दिशा बदलते. काही गाठींच्या पेशी थबकत नाहीत, दुसरीच्या अंगावरून जातात. पण त्यांना चाल देतो कोण, हे त्या चित्रणातून कळण्यासारखं नव्हतं.

कोडं सुटायला सुरुवात झाली केंब्रिजमध्ये. मायकेल स्टोकर यांनी लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेचं संचालकपद ११ वर्षं सांभाळलं होतं. ते सोडल्यावर, वयाची साठी उलटून गेलेली असताना, ते पुन्हा स्वतःच्या हातानं प्रयोग करू लागले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. मोठ्या खुर्चीतून उठून परत सूक्ष्मदर्शकाशी बसणारे विरळा. पेरिमन यांची त्यांना साथ होती. त्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून आलेल्या पेशी घेतल्या. त्यांचा वंश १९५८ साली एका कॉकर स्पॅनियलपासून सुरू झालेला. या पेशी फरशीच्या लाद्यांसारख्या एकमेकींना घट्ट बिलगून बेटं करतात. त्यांच्यावर स्टोकर यांनी मानवी गर्भाच्या फुप्फुसातल्या संयोजी पेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या तो द्रव ओतला. फक्त द्रव, पेशी नव्हेत. काही तासांत बेटं फुटली. लाद्यांचे जोड सुटले, प्रत्येक पेशीनं पातळ पदर पुढे पसरला आणि जिला जिकडे वाट मिळाली तिकडे ती निघाली. पेशींची संख्या मात्र वाढलेली नव्हती. १९८५ साली छापलेल्या निबंधात त्यांनी या अज्ञात पदार्थाला ‘स्कॅटर फॅक्टर’ म्हटलं. आपण त्याला विखरणारा घटक म्हणू.

मला वाटतं, या सगळ्या हकिकतीतलं खरं वळण हेच. वाढीशिवाय चालणं असू शकतं, पेशींना विभागायला न लावता नुसतं ‘निघा’ म्हणता येतं, हे इतक्या उघडपणे आधी दिसलं नव्हतं. आणि निरोप देणाऱ्या पेशी होत्या फुप्फुसातल्या, तेही जन्माआधीच्या.

१९८७ साली हार्वर्डमध्ये यान बारांदों आणि हॉवर्ड ग्रीन यांनी कोहेन यांच्या ईजीएफकडेच नव्यानं पाहिलं. त्वचेच्या पेशींच्या वसाहती ईजीएफ दिल्यावर झपाट्यानं मोठ्या होतात, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघांनी दाखवलं की वसाहतीच्या कडेच्या पेशी बाहेर सरकतात म्हणून मधल्या पेशींना जागा मिळते, आणि ईजीएफचा मोठा वाटा त्या सरकण्यात आहे. वाढ चालण्यावर उभी होती. पुढे १९९३ साली तर डोळ्यांचीच गोष्ट परत आली. ईजीएफचा जवळचा नातेवाईक असलेला एक रेणू उंदरांमध्ये जनुकीय तंत्रानं काढून टाकला, तेव्हा काही पिल्लं उघड्या डोळ्यांनीच जन्मली. कारण गर्भात पापण्या मिटतात त्या कडेच्या पेशी समोरासमोर चालत येऊन भेटतात म्हणून, आणि तो प्रवास ईजीएफच्याच ग्राहीच्या निरोपावर चालतो. कोहेन यांच्या पिल्लांनी डोळे उघडले तेव्हा त्या रेणूची एक बाजू दिसली होती. दुसरी दिसायला तीन दशकं गेली.

स्टोकर यांच्या पदार्थाची ओळख पटायला सहा वर्षं लागली. जपानमध्ये तोशिकाझु नाकामुरा यांनी यकृताच्या पेशी वाढवणारं एक प्रथिन १९८४ सालापासून पिच्छा पुरवून शोधलं होतं. १९८४ सालीच अमेरिकेत एका हाडाच्या कर्करोगाच्या पेशींतून ‘मेट’ नावाचं जनुक सापडलं होतं. त्याचं प्रथिन कुठल्यातरी रेणूचा ग्राही आहे एवढं कळलं होतं, तो रेणू कोणता ते मात्र कळलेलं नव्हतं. १९९१ साली तिन्ही धागे एकत्र आले. नाकामुरांचा यकृतवर्धक आणि स्टोकर यांचा विखरणारा घटक एकच, आणि त्याचा ग्राही म्हणजे मेट. हे सिद्ध करणाऱ्या गटांपैकी एक पाओलो कोमोल्यो यांचा होता, आणि तो काम करत होता तुरिनमध्ये, रीतांच्या गावात. यकृताच्या पेशीला हा रेणू ‘वाढ’ म्हणतो आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशीला ‘चल’ म्हणतो. अर्थ लावणारी पेशी असते.

आजारानं हातपाय पसरले, असं आपण सहज बोलून जातो. १९९५ साली जर्मनीतल्या कारमेन बिर्शमायर यांच्या गटानं मेट जनुक नसलेले उंदरांचे गर्भ तयार केले. त्या गर्भांच्या हातापायांत स्नायूच नव्हते. स्नायू घडवणाऱ्या पेशी पाठीच्या बाजूच्या आपल्या जागेवरच राहिल्या, हातापायांपर्यंत चालत गेल्याच नाहीत. गर्भ ज्या निरोपावर हातापायांत स्नायू धाडतो, त्याच निरोपावर गाठ हातपाय पसरते. कर्करोगानं नवी भाषा शोधली नाही. त्यानं गर्भाची आणि जखम भरून आणणाऱ्या त्वचेची भाषा उचलली.

पेशीच्या आत चालण्याची यंत्रणा कशी आहे, ते १९९२ साली लंडनच्या ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी उलगडलं. वृद्धिघटकाचा निरोप रॅक नावाच्या छोट्या प्रथिनापर्यंत गेला की पेशीच्या पुढच्या कडेला ॲक्टिनचे धागे विणले जातात आणि पातळ पदर पुढे येतो. रो नावाचं दुसरं प्रथिन ताण निर्माण करतं, त्यामुळे पकड येते आणि मागचा भाग ओढला जातो. पुढे पदर, खाली पकड, मागून ओढ. केसाच्या जाडीएवढं अंतर काटायला अशा पेशीला दोन-तीन तास लागू शकतात. इतक्या संथ चालीनं ती रक्तवाहिनीपर्यंत पोचली की पुढचा प्रवास रक्तच करून देतं.

फुप्फुसाच्या रुग्णांपर्यंत ही विद्या आली ती जपानमधून. ईजीएफच्या ग्राहीची आतली घंटा बंद करणारी गेफिटिनिब ही गोळी जुलै २००२ मध्ये तिथे मंजूर झाली. निकाल गोंधळात टाकणारे होते. अमेरिकेतल्या चाचणीत सुमारे १०% रुग्णांची गाठ आक्रसली, काहींची तर काही दिवसांत, आणि बाकीच्यांना काहीच नाही. ज्यांना गुण आला त्यांत स्त्रिया, पूर्व आशियातले लोक आणि कधीही सिगारेट न ओढलेले जास्त होते. ग्रॅहम यांच्या काळातल्या रुग्णांहून ही मंडळी अगदी वेगळी. २००४ साली बॉस्टनच्या दोन आणि न्यूयॉर्कच्या एका गटानं कारण शोधलं. या रुग्णांच्या गाठीत ग्राहीच्या जनुकातच बिघाड होता, बहुतेक वेळा एकोणिसाव्या किंवा एकविसाव्या तुकड्यात. कोंबड्यांच्या विषाणूसारखीच अडकलेली घंटा, आणि गोळी तिच्यावर नेमकी बसत होती.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ साली ९०७ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांपैकी २३% रुग्णांत हा बिघाड होता. आज फुप्फुसाच्या रुग्णाच्या रिपोर्टवर ‘ईजीएफआर’, म्हणजे ईजीएफचा ग्राही, ही अक्षरं असतात. ती कोहेन यांच्या लाळग्रंथींच्या वह्यांतून इथवर आली आहेत. त्याच रुग्णालयानं २०२० साली ३५० रुग्णांची चाचणी छापली. नुसती गोळी घेणाऱ्यांचा आजार सुमारे ८ महिने आटोक्यात राहिला, गोळीबरोबर केमोथेरपी घेणाऱ्यांचा १६ महिने.

महिन्यांत मोजावं लागतं, कारण आजार परत येतो. तो कुठल्या वाटेनं येतो याचं एक उत्तर २००७ साली बॉस्टनच्या जेफ्री एंगेलमन यांच्या गटानं दिलं. गोळीला न जुमानणाऱ्या काही गाठींत मेट जनुकाच्या कितीतरी जादा प्रती तयार झाल्या होत्या. ईजीएफची घंटा बंद केली तर पेशीनं स्टोकर यांची घंटा वाजवायला घेतली. पुढच्याच वर्षी जपानच्या कानाझावातल्या सेजी यानो यांच्या गटानं दाखवलं की विखरणारा घटक नुसता आजूबाजूला असला तरी पेशी गोळीला दाद देत नाहीत. आणि तो पुरवू शकतात गाठीभोवतीच्या संयोजी पेशी, म्हणजे स्टोकर यांच्या बाटलीतल्या पेशींचं गणगोत.

चालीवरच घाव घालायचे प्रयत्नही झाले. मेट ग्राहीला बाहेरून झाकणारं ओनार्टुझुमॅब हे प्रतिपिंड सुरुवातीला फार आशादायक वाटलं, पण फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसेना म्हणून ती २०१४ साली थांबवावी लागली. अशा चाचण्यांतही यश रुग्ण किती जगला किंवा गाठ किती मिलिमीटरनं आक्रसली यावर मोजतात, पेशी किती चालल्या यावर नाही. स्कॅनमध्ये गाठ दिसते, चाल दिसत नाही. ही मोजपट्टी मला आजही खटकते. नातेवाइकांच्या प्रश्नाला ती सरळ उत्तर देत नाही.

स्टॅन्ली कोहेन ५ फेब्रुवारी २०२० रोजी गेले, वयाच्या ९७ व्या वर्षी. त्यानंतर सव्वा वर्षानं, मे २०२१ मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत ॲमिव्हँटामॅब हे औषध मंजूर झालं. तेही प्रतिपिंडच आहे, दोन हातांचं. एक हात ईजीएफचा ग्राही धरतो आणि दुसरा मेट.